वैशालीच्या बदल्यात पूनम

३ डिसें., बुध.
साहेबांनी आज कामाला लावलं. आपली वैशाली नोएडा ऑफिसच्या हॉकी टीमला दिली, त्यांची गोलकीपर पूनम आपण घेतली, त्याला वर्ष झालं. फायदा झाला की तोटा, एक पान लिहून द्या म्हणे. टीम मॅनेजर मी, तेव्हा होकारही माझाच. लिहा आता, सुनंदाबाई!

४ डिसें.
कागदावर सोपं आहे. पूनम आल्यापासून गोल खाणं कमी झालं. पूर्वी पेनल्टी कॉर्नर आला की मी डोळे मिटायची, आता बघते. पहिल्यांदाच फायनल गाठली. (हरलो. गोल मारायला कोण आहे आपल्याकडे?)

आणि वैशाली नोएडाकडून सुसाट पळतेय. "तिचा गुडघा गेला, सर. आता ती पूर्वीसारखी खेळायची नाही," हे मीच सांगितलं होतं साहेबांना. मोठी आली डॉक्टरीण!

६ डिसें., शनि.
सकाळी विहारात वंदना. गर्दीत वैशाली दिसली, पांढऱ्या साडीत. "जय भीम, ताई," म्हणाली आणि पुढे गेली. बस, इतकंच. अकोल्याहून नोकरीला आली तेव्हा चार महिने आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिली ही पोरगी. हिच्या स्टिकची ग्रिप मी गुंडाळून द्यायची.

लिहूनच टाकते. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती दवाखान्यात होती. दुपारी मी साहेबांना "सोडा तिला" म्हटलं. संध्याकाळी तिच्यासाठी डबा घेऊन गेले. तासभर बसले, त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्डर ऑफिसच्या ग्रुपवर आली, तिथे तिने वाचली.

हे म्हणतात, "तू टीमचं बघितलंस, चुकलं काय?" यांना काय सांगायचं...

७ डिसें., रवि.
न राहवून मेट्रोने नोएडाला गेले. प्रॅक्टिस संपेपर्यंत थांबले. मला बघून आधी हसली, मग हसू आवरलं.

म्हटलं, "बदलीचा राग आहे ना माझ्यावर?"

"बदलीचा? नाही गं. इथे रूम जवळ, टीम मस्त, बिल्कुल मजेत आहे मी."

"मग?"

"तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, ताई. तू म्हणतेस म्हणून. विचारलंच नाहीस, यार."

मला रडूच कोसळलं. पन्नाशीची बाई भर मैदानात रडतेय! "अगं, सगळे बघतायत," म्हणत तिने टपरीवर चहा पाजला. आल्याचा, माझ्या आवडीचा. स्टेशनपर्यंत सोडायला मात्र आली नाही.

८ डिसें.
पान लिहिलं. संघाला फायदा झाला. खाली एक ओळ: खेळाडूला न विचारता सोडलं, ती माझी चूक. साहेब वैतागले, "मॅडम, ये सब क्यों लिखा?" म्हटलं, खरं आहे म्हणून. ओळ काढणार नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नोएडावाल्यांना पूनम परत हवी आहे. बदल्यात वैशाली द्यायला तयार आहेत. "आप हाँ बोलो, मैं साइन कर दूँगा."

वैशाली परत! क्षणभर हो तोंडावर आलंच होतं. "आधी दोघींना विचारते," म्हटलं आणि उठले.

९ डिसें., मंगळ.
वैशालीला फोन केला. परत येशील का, विचारलं. म्हणाली, "विचार करून सांगते, ताई." आवाज मऊ होता, की मलाच तसा वाटला?

संध्याकाळी मैदानावर पूनम. रोहतकची पोर, बोलते कमी. बेंचवर बसून पॅड काढत होती. नोएडाचं सगळं सांगितलं. नाही म्हणालीस तरी चालेल, तुझं तू ठरव, हेही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, आप बताओ. आपको कौन चाहिए, मैं या वो?"

तिच्या पॅडचा एक पट्टा अडकला होता. खाली बसले आणि तो सोडवत राहिले.