धामापूरचं वळण

सर्जेकोट, ता. मालवण
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

अनुजाचा नमस्कार. हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे चालतेबोलते आहेत. शेजारचा विनीत उद्याच्या गाडीने पुण्याला येतोय, त्याच्याकडे हे देते. सोबत आईने कुळदाची पिठी आणि सुके बांगडे दिलेत. बांगड्यांची पिशवी आधी सोडव, नाहीतर तुझे फ्लॅटवाले पार्टनर घर सोडून जातील.

फोन का केला नाही म्हणशील. आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि बाबा बाजूला बसून ऐकत असतात, हे तुला ठाऊक आहे. शिवाय फोनवर तू मला बोलायला देतोस कुठे? मी तोंड उघडलं की तू 'राउटर बंद करून चालू कर' म्हणतोस आणि मीटिंगला पळतोस. पत्राला मीटिंग नसते. तेव्हा बूड टेकून नीट वाच.

तुळशीचं लग्न झालं. आईचा गुडघा आहे तसाच आहे. माझ्या बुकिंगच्या काउंटरवर पर्यटकांची गर्दी आहे, जेवायला वेळ मिळत नाही. आपल्या बोटीवरच्या खलाशी बाळाचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. तो पायरीवरून घसरला असं तुला सांगितलं होतं. त्याचं पुढे लिहिते.

आता खरं काय ते. बाबा बोट देतायत. देवबागचे हरिश्चंद्रकाका रविवारी सकाळी येणार आहेत. बंदरावर नारळ फोडून, देवाला गाऱ्हाणं घालून 'भगवती' त्यांच्या हवाली करायची असं ठरलंय. तुला आपले बाबा माहीत आहेत. एकदा देवासमोर शब्द गेला की ब्रह्मदेव आला तरी ते मागे फिरणार नाहीत. म्हणजे आपल्याकडे शनिवारपर्यंतचाच वेळ आहे.

आणि हे सगळं तुझ्या त्या क्लाऊडमुळे झालंय.

हसू नकोस. मला माहीत आहे, तू आत्ता कपाळाला हात लावून 'ही बया काय बोलतेय' म्हणाला असशील. ऐक.

बाबांना झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा कुडाळच्या फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलं होतं की डोळ्याला दिसलं आणि हाताने केलं, हे पुन्हा पुन्हा झालं पाहिजे. रबरी चेंडू दाबून बाबा कंटाळले. तुझा कॉलेजातला गेम खेळायचा कॉम्प्युटर, तो मोठा डबा, माळ्यावर पडला होता. तो खाली काढून, टेबलाला स्टिअरिंग आवळून मीच त्यांना गाडीच्या शर्यतीच्या गेमला बसवलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्या गाडयेक नांगर खंय आसा?" पुढे असा नाद लागला की आई त्यांचं ताट तिथेच नेऊन देऊ लागली. त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाला त्यांनी नाव दिलं. एक कट्ट्याचा तिठा, एक कुंभारमाठची उतरण. आणि ते सगळ्यात वाईट वळण, जिथे एका बाजूला पाणी आहे, ते धामापूर.

धामापूरला ते महिनोन् महिने पाण्यात पडत होते. मग कठड्याला घासायला लागले. मग एका दुपारी गाडी सरळ निघून गेली. बाबा मागे वळून आईला म्हणाले, "सुगंधा, हात इलो." आई देवासमोर जाऊन रडली. नारळी पौर्णिमेनंतर ते बोटीवर गेले आणि बाळाला बाजूला उभं करून त्यांनी स्वतः सुकाणू धरलं. खाडीच्या तोंडाशी दोन्हीकडचे खडक टाळून बोट आत आणली. बंदरावर सगळे बघत होते.

मग गणपतीला तू आलास.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मी मान्य करते. तुला वाटलं बाबा नुसता वेळ घालवतात. डबा तापतो, आवाज करतो, समुद्राच्या हवेने गंजेल, आणि आता कुणाला डब्याची गरजच उरली नाही, गेम दूरच्या मशीनवर, त्या क्लाऊडवर चालतो आणि आपल्याकडे नेटवरून फक्त चित्र येतं. टीव्हीला ती बोटभर वस्तू लावून दिलीस आणि जाताना डबा गाडीत घालून घेऊन गेलास. चित्र खरंच सुंदर आलं, डब्यावर होतं त्याहून चांगलं. मी स्वतः तो कोडी सोडवायचा गेम त्यावर खेळते, काही अडत नाही. तसल्या गेमसाठी डब्यात पैसे घालणारा वेडाच. पण शर्यत तशी नाही रे. चाक फिरवायचं, ते तिकडे कुठेतरी पोचायचं, गाडी तिकडे वळायची, आणि मग त्याचं चित्र आपल्या सर्जेकोटला परत यायचं. उशीर एवढासाच होतो. पण धामापूरला तेवढाही चालत नाही.

बाबा पुन्हा पाण्यात पडायला लागले.

 आम्हाला वाटलं, नवीन आहे, जमेल. नवरात्रात मी फोनवर तुला म्हटलं की गाडी उशिरा वळते. तू कंपनीतल्या आवाजात काय म्हणालास ते आठव. 'नेट मस्त आहे, लॅग अजिबात नाही. बाबा, तुम्हीच हाताचा सराव वाढवा.' स्पीकर चालू होता. बाबांनी मान डोलावली आणि उठून बाहेर गेले.

त्या दिवसापासून त्यांनी धरून ठेवलं की हात परत चाललाय. मी सांगून थकले. म्हणतात, "कौस्तुभ त्याच कामात आसा. तो माका खोटा कित्याक सांगात?" मग मी त्यांच्यासमोर बसून तीच शर्यत खेळले. माझे दोन्ही हात धड आहेत, तरी मीही धामापूरला पाण्यात पडले. त्यांना काय वाटलं असेल? माझ्या डोक्यावर हात ठेवला नि म्हणाले, "चेडवा, माका बरा वाटाचा म्हणान मुद्दाम पडतंस. नको करू तसा." दादा, त्या वेळी मला स्टिअरिंग उपटून खाडीत फेकावंसं वाटलं. माझ्या मैत्रिणीच्या, आकांक्षाच्या, भावाचा लॅपटॉप आणून बघितला, त्यावर तो गेम सुरूच होईना. इथे दुसऱ्या कुणाकडे तसला डबा नाही.

आता बाळाचा हात. आई सांगू नको म्हणाली होती. तिची शपथ मोडून सांगते.

बाळा पायरीवरून पडला नाही. दिवाळीनंतर बाबा बोटीवर गेले होते, परत येताना खाडीच्या तोंडाशी त्यांनीच सुकाणू धरलं होतं. मी धक्क्यावर उभी होते. समुद्र शांत होता, वारा नव्हता. बोट खडकांच्या मधल्या वाटेकडे येत होती आणि अचानक वळली. वळायची जागा पुढे होती. डाव्या अंगाने खडकावर घासत गेली, तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. बाळा बोट ढकलायला बाजूला धावला आणि त्याचा हात मध्ये आला. थोडक्यात वाचला. बाबा चाक सोडून नुसते उभे होते, त्यांना हाका मारल्या तरी ऐकू येत नव्हतं.

दवाखान्यात बाळाला मी विचारलं, बाबांचा हात अडकला का? बाबांना तो तांडेल म्हणतो. म्हणाला, "हात खंय अडाकलो? तांडेलान आधीच फिरवल्यान. अजून वाईच पुढे जावक व्हया होता."

आधीच. कळतंय का तुला? माझ्या लगेच डोक्यात आलं नाही. घरी येऊन बाबांना गेम खेळताना बघितलं तेव्हा कळलं. पडून पडून त्यांनी शोधून काढलं होतं की धामापूरला वळण यायच्या आधीच चाक फिरवलं की गाडी कशीबशी निघते. त्यांना वाटलं, हात उशिरा येतो तर आपण लवकर निघावं. त्या क्लाऊडच्या उशिराला त्यांनी आपल्या हाताचा उशीर समजून हाताला तशी सवय लावली, आणि तीच सवय घेऊन बोटीवर गेले. तिथे मध्ये क्लाऊड नव्हता. हाताने सांगितलं आणि बोट तिथल्या तिथे वळली. त्यांचा हात चांगला आहे रे, दादा. तो खडकावर गेला कारण तो चांगला आहे.

हे मी त्यांना सांगितलं. शांतपणे ऐकलं नि म्हणाले, "कधी उशिरा, कधी आधी. म्हणजे तो माझो रवलो नाय." दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रकाकांना निरोप गेला.

आता तुझं. विनीत गेल्या महिन्यात तुझ्याकडे राहून आला, त्याने सहज बोलता बोलता सांगितलं. तू मित्रांशी मॅच खेळतोस ती डब्यावर. क्लाऊडवर हात बसत नाही, मॅच हरतो, असं तूच त्याला म्हणालास. म्हणजे तुला ठाऊक होतं. मॅचपुरतं ठाऊक होतं. बाबांसाठी 'अजिबात नाही'. मला तेव्हा इतका राग आला की मी विनीतलाच झापलं. बिचारा, त्याची काही चूक नव्हती. राग अजून आहे, पण तो तू आल्यावर. आधी बाबा.

तुझ्या फोनने आता भागणार नाही. फोनवर म्हणालास तर त्यांना वाटेल मी पढवलंय. डबा घेऊन तू स्वतः ये, टेबलाला चाक आवळ, आणि त्यांना एकदा धामापूरवरून जाऊ दे. मग त्यांच्यासमोर बसून तोंडाने म्हण, 'बाबा, मी चुकीचं सांगितलं होतं.' त्यानंतर त्यांना बोट द्यायची असेल तर खुशाल देऊ देत. वय झालं म्हणून देऊ देत, कंटाळा आला म्हणून देऊ देत. आपला हात गेला असं समजून द्यायला लागू नये, एवढंच मला हवंय.

आज सकाळी ते तुळशीपाशी उभं राहून रविवारचं गाऱ्हाणं मनाशी म्हणून बघत होते. मी दाराआड होते. "बा देवा महाराजा, ह्या हातान तुझ्या दर्यातसून घर चालवलंय. आता ह्यो हात उशिरा येता. दुसऱ्याच्या पोराचो हात मोडलो. तेवा ही बोट चांगल्या हातात देतंय, ती सांभाळ रे महाराजा." तिथे थांबले. गाऱ्हाण्याला 'व्हय महाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं, आणि त्यांना चाहूल लागली होती की मी मागे आहे. वाट बघत उभे राहिले. माझ्या तोंडातून ते निघेना. रविवारीही निघणार नाही.

म्हणून मी काहीतरीच करून बसले. पुढे झाले आणि म्हटलं, बाबा, दादा शनिवारी येतोय, डबा घेऊन. नेटमध्ये उशीर होता हे त्याला कळलंय, ते सांगायलाच येतोय. तुला न विचारता, तुझ्या नावाने धडधडीत खोटं बोलले.

बाबा वळले. मग विचारलं, "तो स्वतः येवन सांगतलो?"

मी म्हटलं, व्हय.

दुपारी ते न सांगता टेबलापाशी गेले. गणपतीनंतर डब्याच्या जागेवर आईने तांदळाचं पिंप ठेवलं होतं. ते त्यांनी उजव्या हाताने ओढून बाजूला केलं आणि फडक्याने जागा पुसून घेतली. ती जागा आता रिकामी आहे.

शनिवारी तू आलास तर बाबांशी खरं बोललेली, नाहीतर आयुष्यभर त्यांच्याशी खोटं बोललेली,

अनुजा