आंबिलीची वाटी

नांदेड, शुक्रवार सायंकाळ, सन १३५५ फसली (इ.स. १९४६)

माझी पत्नी यशोदा गेल्यापासून सकाळी आंबिलीऐवजी चहा येतो. आगगाडीने आलेली ती पूड आता घरोघरी पोहोचली. तक्रार कोणाकडे करावी? आज सूनबाईने आपण होऊन ज्वारीचे पीठ आंबवून आंबील केली. वाटी हाती घेतली, पण दोन घोटांपलीकडे ती घशाखाली उतरेना.

“आत्याबाईंवानी झाली न्हाई ना, मामंजी?”

“उत्तम झाली आहे,” मी म्हणालो.

खरोखरच झाली होती. तोच आंबटपणा, तोच लसणाचा वास. यशोदेच्या हातची असती, तरी ही वाटी मला संपवता आली असती काय? जीभ इतक्या लवकर परकी होते?

सूनबाईने वाटी उचलली आणि न विचारता चहाचे आधण ठेवले. मी नको म्हणालो नाही.