एककान्या कॅडूगनचा तिसरा वाडगा

१४ फेब्रुवारी १९७६

ती. मेरेरिदताईस,

धाकट्या इडवलचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पॅटागोनियाच्या वाऱ्याने मागच्या वर्षी तुमच्या गोठ्याचं छप्पर नेलं होतं, ते परत मिळालं का? भाऊजींना नमस्कार आणि नातवंडांना माझे आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सगळं ठीक’ असं लिहायचं असतं. आपली आई कोंबड्या मेल्या तरी तसंच लिहायची. मी लिहिणार नाही. इकडे काहीही ठीक नाही, आणि हे मी अडुसष्टाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, न्याहारीनंतर लिहितो आहे. (माझं अक्षर लागत नाही ही तुझी पंचवीस वर्षांची तक्रार आहे, म्हणून हेही पत्र टाइप होऊनच येईल. निदान राग तरी नीट वाचता यावा.)

एककान्या कॅडूगन तुला नव्याने सांगायला नको, आपण त्याच्याच गोष्टीवर वाढलो. तरी सांगतो, कारण गोष्ट सरळ लावल्याशिवाय माझ्यावर झालेला अन्याय सरळ दिसणार नाही. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज किल्लेदाराने त्याचा उजवा कान कापला, तेव्हा तो आपल्या डोंगरातल्या गुहेत जाऊन राहिला, किल्लेदाराचे कळप पळवले, गोरगरिबांना गाई वाटल्या, आणि एका हिवाळ्यात नदीच्या उतारावरच्या पेनरिदच्या घरी जेवायला थांबला. रीतीप्रमाणे त्याने भाला दारातच घरधनिणीच्या हातात दिला. भाला दिला म्हणजे पाहुणा राहणार, आणि भाला ठेवून घेतला म्हणजे त्याचा जीव त्या घराने सांभाळायचा. पण त्या बाईने, ग्वेरविलने, भाला लपवला आणि शिपायांना निरोप धाडला. हातात चमचा असताना धरला बिचाऱ्याला. तेव्हापासून पेनरिदचं माणूस चॅपलच्या चहाला आलं की कोणीतरी कपावर चमचा वाजवतं. वाईट मनाने नाही, आपली गावाची गंमत. माझ्या नेस्टचं माहेर पेनरिदचंच हे तुला माहीतच आहे. आमच्या लग्नात मीही भाषणाच्या आधी चमचा वाजवला होता आणि सगळा मांडव हसला होता. नेस्टही हसली होती.

तर या कॅडूगनवर मी नऊ हिवाळे कादंबरी लिहिली. सहाशे बारा पानं. ‘खडकावरचा सिंह’. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तराने काय करावं असं लोक विचारतात, त्यांना हे उत्तर. नुसत्या गाई वाटण्याला चाळीस पानं दिली आहेत. माझा कॅडूगन जेवत नाही, शिंकत नाही, आणि बोलतो तेव्हा समोरचा उभा राहून ऐकतो. मी सकाळी लिहून कागद टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो टाइप होऊन यायचा, अशी आमच्या घराची पद्धत होती. ट्रेमध्ये काय जातं आणि काय येतं यात मी कधी लक्ष घातलं नाही. लेखकाने घालू नये.

यंदाच्या आयस्टेथवोडला, गाण्या-कवितांच्या जत्रेला, चॅपलच्या कमिटीने कादंबरीचं बक्षीस ठेवलं. विषय कॅडूगनच. बक्षीस म्हणजे ओक लाकडाची कोरीव खुर्ची. मी दिवाणखान्यात खिडकीजवळ जागाही करून ठेवली. (तिथलं नेस्टचं शिवणाचं मशीन मी स्वतः उचलून माळ्यावर नेलं.) खरं नाव बंद पाकिटात आणि बाहेर टोपणनाव, हा नियम तुला आठवत असेल. मी ‘गरुड’ घेतलं. हस्तलिखितं फक्त दोन आली, आणि दुसऱ्याने टोपणनाव काय घ्यावं? ‘ताक’. मी घरी येऊन हसून हसून खोकलो. नेस्टने पाठ चोळली.

परीक्षकबाई कार्डिगनकडच्या होत्या. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की एक हस्तलिखित दुसऱ्यापासून फार वेगळं उठून दिसतं. मी अर्धा उठलो होतो. मग त्या म्हणाल्या की दुसऱ्याला, म्हणजे ‘गरुडा’ला, इतकं सांगणं आहे की त्याच्या पुस्तकात सहाशे पानांत एकाही माणसाला भूक लागत नाही. मी पुन्हा बसलो. पुढे त्यांनी ‘ताका’तला एक उतारा वाचला, आणि ताई, तिथून माझं रक्त उकळायला लागलं ते अजून निवलेलं नाही. त्यात कॅडूगन, वेल्सचा तो वाघ, मटणाचं पातळ काउल खाताना त्यातल्या लीकच्या, त्या जाड कांदापातीच्या, चकत्या एकेक वेचून वाडग्याच्या काठावर ठेवतो. लीक, आपल्या वेल्सचं मानचिन्ह! आणि म्हणतो, “माझा सुरा कुठे आहे? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ.” सुरा त्याच्याच कमरेला. बोलताना तो कान चोळतो. अख्खी सभा हळूहळू वळून माझ्याकडे बघायला लागली. मी त्या वेळी कान चोळत होतो हा योगायोग आहे. गेली अकरा वर्षं सेंट डेव्हिडच्या सणाच्या जेवणाचा मी अध्यक्ष आहे, कोटाला लीक खोचून भाषण करतो. माझ्या बशीच्या काठाकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, ‘ताक’ जिथे असेल तिथे त्याने उभं राहावं. मी मान वळवून सगळ्या रांगा पाहिल्या, बदमाश सापडतो का म्हणून. कोणी दिसेना, कारण शेजारीच नेस्ट उभी होती. मी तिची बाही ओढली. “खाली बस ना, मागच्यांना दिसत नाहीये.” ती बसली नाही. जांभळा झगा अंगावर घालून तिला वर नेलं, तरी मला वाटलं की त्यांना मदतीला बाई हवी असेल.

आता मुख्य गोष्ट. खुर्चीवर बसवण्याआधी मिरवणुकीची तलवार विजेत्याच्या डोक्यावर धरून अर्धी म्यानातून काढतात आणि सभेला तीनदा विचारतात, “शांती आहे का?” तीनदा सभेने “शांती” म्हणायचं, मग तलवार म्यानात, मग बसायचं. यंदा तलवार ग्विन्डाफ खाटकाकडे होती. पहिल्यांदा विचारलं, सगळे म्हणाले शांती. दुसऱ्यांदा म्हणाले शांती. तिसऱ्यांदा सगळे म्हणाले, आणि त्यानंतर जो शांत क्षण असतो त्यात एक आवाज आला, “नाही.” तो माझा होता. चॅपलच्या इतिहासात असं कोणी म्हटल्याची नोंद नाही, त्यामुळे पुढे काय करायचं तेही कोणाला माहीत नव्हतं. ग्विन्डाफ तलवार अर्धी काढून तसाच उभा. शेवटी म्हणाला, “अरे इडवल, हात भरून आला की रे माझा. सावकाश विचार कर, पण जरा लवकर कर.” मागून कोणीतरी म्हणालं, “गुरुजी, लीक परत वाडग्यात टाका आणि सोडा ना विषय.” मी सोडला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. नेस्टने झग्यातून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “आधी वाच. मग काय म्हणायचं ते म्हण.”

शांती नसताना बसवता येत नाही, असं कमिटीतल्या तिघांनी पुस्तक काढून सांगितलं (ज्यांना इतर वेळी हिशेबाची वही सापडत नाही). त्यामुळे खुर्ची चॅपलच्या मागच्या खोलीत चादर घालून ठेवली आहे. आता एक मार्चला, सेंट डेव्हिडच्या जेवणात, पुन्हा विचारणार आहेत. नावाला सभेला, पण प्रत्यक्षात मलाच. तोपर्यंत बक्षिसाचं पुस्तक छापणारा कार्डिगनचा छापखानाही थांबला आहे, कारण ज्या पुस्तकावरून शांती मोडली ते छापणार नाही म्हणतो. मी पुन्हा नाही म्हणालो तर नेस्टचं पुस्तक कपाटात जाईल. गावात लोक मला वाट देतात, पण नमस्कार करत नाहीत. बेकरीत पावासोबत मला ‘बारा ब्रिथ’चा, त्या मनुकांच्या गोड पावाचा, कडेचाच तुकडा मिळतो. आणि नेस्ट? नेस्ट नेहमीसारखी आहे. हेच सगळ्यात असह्य आहे. तिने टाइप केलेली प्रत चहाच्या किटलीखाली ठेवली आहे, गरम भांड्याखाली ठेवायला काहीतरी हवंच असतं अशा थाटात. मी ती वाचलेली नाही, आणि वाचणारही नाही.

न वाचता सांगतो की पुस्तक अन्यायाचं आहे. त्यातली गाय घे. माझ्या चाळीस पानांत गाई कळपाने येतात, तिच्या पुस्तकात एकच गाय, आणि तिला नाव आहे, सेरेन. आणि कॅडूगन जी गाय गरिबाला देतो ती मुळात पेनरिदचीच, किल्लेदाराने करापोटी ओढून नेलेली! पोरांचं दूध तुटल्यावर ग्वेरविल शेजारच्या अंगणात आपलीच सेरेन बांधलेली पाहते आणि शेजारीण तिला कॅडूगनची थोरवी ऐकवते. पान अठ्ठावन्न. ही काय कादंबरी झाली? आणि शिपायांची गोष्ट तर उलटीच करून टाकली आहे. नेस्टच्या पुस्तकात ग्वेरविल भाला लपवत नाही. शिपाई उतार ओलांडताना दिसतात तेव्हा ती स्वतः भाला आणून त्याच्या हातात देते आणि म्हणते, ऊठ, जा. तो म्हणतो, एवढं संपवून उठतो. ती पुन्हा देते. तो म्हणतो, अजून एक वाडगा वाढ, बाहेर थंडी आहे. तिसऱ्यांदा ती भाला घेऊन उभी असते आणि तो किल्लेदारावर भाषण करत असतो. तिसऱ्या वाडग्यावर धरला गेला. म्हणजे सहाशे वर्षं ज्या घरासमोर आम्ही चमचे वाजवले, त्या घराचा दोष काय, तर जेवायला वाढलं! असं छापून आलं तर आम्ही काय वाजवायचं?

असो. थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. तुझ्यावर भार नको. तू थोरली आहेस, तुझा शब्द नेस्ट मानते. तिला समजाव की घराची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये, एवढीच विनंती.

तुझा,
इडवल

ता. क. – वर मी लिहिलं की पुस्तक वाचलेलं नाही. ते तसं खरं नाही. वाचलं आहे. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना पान एकशे चौदा ओलांडता आलं नाही. शिपाई त्याला घेऊन गेल्यावर ग्वेरविल भांडी आवरते, आणि त्याने काठावर ठेवलेल्या लीकच्या चकत्या उभ्यानेच खाते, कारण तिच्या वाट्याला तेवढंच उरलेलं असतं. तो आल्यापासून तिला कोणी जेवलीस का म्हणून विचारलेलं नसतं. ताई, मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग चष्मा कुठे आहे म्हणून ओरडलो. त्यानंतर लग्नाचा फोटो काढून भिंगाखाली पाहिला. मी चमचा धरून उभा आहे, सगळे हसताहेत. नेस्ट हसत नाहीये. एकतीस वर्षं तो फोटो आमच्या जिन्यात टांगलेला आहे.

ता. क. २ – वरची समजावण्याची विनंती रद्द. खरी विनंती वेगळी आहे. आईच्या हातचं काउल कसं करायचं ते सविस्तर लिहून पाठव. मटण किती, पाणी किती, किती वेळ, आणि लीक कधी घालायचे. लीक भरपूर घालणार आहे आणि मी ते खाणार आहे, तिच्यासमोर बसून, एकही बाजूला न काढता. आधी तिला वाढेन. एक मार्चच्या आधी हे झालं पाहिजे, कारण ग्विन्डाफसमोर ‘शांती’ म्हणणं सोपं आहे, सगळे ओरडतच असतात. शिवणाचं मशीन खाली आणलं आहे, पण ती अजून त्यावर बसलेली नाही. यातलं अक्षरही नेस्टला कळता कामा नये. तुला माझी शपथ.

ता. क. ३ – ताई, ही नेस्ट. ट्रेमध्ये येतं ते मी टाइप करते, तसं हेही केलं, एक शब्द न बदलता. सही त्याने नेहमीप्रमाणे न वाचताच ठोकली आणि चहा मागितला. तुम्ही कृती पाठवू नका, टपाल पोचेपर्यंत एप्रिल लागेल. लीक शेवटच्या वीस मिनिटांत घालायचे असतात, ते मी त्याला सांगेन, पण त्याने विचारल्यावर. काल तो दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि कान चोळून परत गेला. मी मटण आणून ठेवलं आहे. आता जिन्यात पावलं वाजताहेत.