साकेच्या पंगतीत मी कोरडा

नॉटिंगहॅम,
नोव्हेंबर २००६

ती. विष्णूकाकांना चंद्रशेखरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि त्याविषयीची काकूंची मतं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आम्ही ठीक. (सौ. सुमेधा शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे घरात शांतता आहे.)

तर आमचे भूल-विभागाचे प्रमुख डॉ. हॅरप जपानला जाऊन आले आणि शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी साके चाखायला बोलावलं. साके म्हणजे तांदळाची दारू. (आईला 'तांदळाचं काहीतरी' एवढंच सांगा.) प्रांताप्रांताची चव वेगळी. नीगाताची म्हणे कोरडी, स्वच्छ. हिरोशिमाची मऊ, गोडसर. अकिताची आधी नाकाने प्यायची. तिकडचा रिवाज असा, की आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. म्हटलं, वा, ही तर आपलीच माणसं! मी पंगतीत वाढावं तसा सगळ्यांना वाढत सुटलो. मला कुणी विचारलं की पेल्यावर हात आडवा धरून नको-नको म्हणायचो आणि आग्रहाची वाट बघायचो. काका, या देशात आग्रह नावाची चीजच नाही हो! नको म्हणजे नको, बाटली पुढे. तीन प्रांत नाकाखालून गेले. अकिताचा तेवढा वास मिळाला, पिकल्या केळ्याचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसलो असतो. पण हॅरप मार्चमध्ये निवृत्त होतायत. मला म्हणाले, माझ्यामागे विभाग तू सांभाळशील का? हा प्रश्न कानावर पडावा म्हणून मी वर्षानुवर्षं प्रत्येक ख्रिसमसला ड्युटी केली. आणि तोंडातून काय निघावं? "छे छे, मी कुठला एवढा मोठा!" ते म्हणाले, बरं, जशी तुझी इच्छा. आणि पलीकडच्या ॲलनला विचारलं. तो गाढव प्रश्न संपायच्या आत हो म्हणाला. मग त्या आनंदात सगळ्यांचे पेले भरले गेले. ॲलनचा मी भरला, शेजारी मीच होतो ना.

सोमवारी हॅरपना गाठून सांगितलं, ते मी मनापासून म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग म्हणालास कशाला? आग लागो आपल्या त्या वळणाला.

काकूंना नमस्कार.

आपला,
चंद्रशेखर

ता. क. मी प्यायलो असं आईला कुणी सांगितलंच, तर खुशाल शपथेवर नाही म्हणा.

ता. क. २. ॲलनच्या हाताखाली काम करणं माझ्याच्याने होणार नाही. गेल्या दिवाळीत तुम्ही मिरजेच्या तुमच्या हॉस्पिटलसाठी मला विचारलं होतंत. तेव्हा मला खरंच नको होतं. आता फोन करून पुन्हा एकदा विचाराल का? मी आधी नकोच म्हणेन. फोन ठेवू नका, काका.