रहमतच्या मेंदूतला पू

१० सप्टेंबर
पुन्हा फॉर्मॅलिन! कवटीला भोक पाडून मेंदूतला पू काढायचा आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्या लॅबला पाठवायचा. त्यात जंतू मरतात. मेलेले मी प्लेटवर कसे वाढवू? वॉर्डात फोन केला. निवासी डॉक्टर नयन म्हणाले, "गाठ अशीच पाठवतो ना आपण!" — गाठ, हो. हा पू आहे. सिरिंजमध्ये थोडा उरला होता. स्वतः जाऊन आणला.

रुग्ण रहमत. चौतीस वर्षं, आर्णीचा मोटरसायकल मेकॅनिक. तीन आठवडे डोकेदुखी, दोनदा झटके.

११ सप्टेंबर
काचपट्टीवर नुसत्या पू-पेशी. प्लेट कोरी.

१२ सप्टेंबर
अठ्ठेचाळीस तास झाले. अजून कोरी. इथे आता प्लेट फेकतात. मी ठेवली. नोकार्डियासारखा हळू वाढणारा जंतू असला तर आठवडाही लागतो. विमलताई — आमच्या जुन्या तंत्रज्ञ — म्हणाल्या, "काहून ठेवली वो? लोणचं हाय का मुरवाले?" सगळे हसले.

नयन यांचा तिसरा फोन. "द्या ना मॅडम रिपोर्ट, सर ओरडून राह्यले." दिला. वाढ नाही.

१४ सप्टेंबर
रहमतची बायको गुलनार लॅबच्या खिडकीशी. "मॅडम, काही सापडलं का?"
"डॉक्टरांना विचारा."
"त्यायनंच तं तुमच्याकडं धाडलं!"
नातेवाईकांना निकाल सांगायचा नाही, नियम म्हणजे नियम. खिडकी लावून घेतली.

१६ सप्टेंबर
सापडला! खडूच्या भुकटीसारखे कोरडे, पांढरे ठिपके. रंगवून पाहिले — फांद्या फुटलेले बारीक धागे. नोकार्डियाच. औषध आहे, वर्षभर घ्यावं लागतं, एवढंच. विमलताईंनी भिंगातून पाहिलं. "मुरलं बाप्पा!"

धावत वॉर्डात गेले. रहमतच्या खाटेवर दुसराच माणूस. नयन म्हणाले, "वाढ नाही म्हणून टीबी धरला. अँटिबायोटिक बंद केली, टीबीच्या गोळ्या आणि स्टिरॉइड देऊन काल घरी सोडलं."

स्टिरॉइड! त्यावर तर हा जंतू फोफावतो.

"प्लेट चालू आहे हे सांगायचं ना!"
"एवढं कळायला नको?" मी म्हटलं.

गुलनारला फोन लावला. "सकाळपासून झटके थांबूनच नाही राह्यले, मॅडम. गाडीत घातलं. निघालोच."

१७ सप्टेंबर
रिपोर्ट प्राथमिकच होता हे नयनना दाखवायला त्याची प्रत काढली. खाली दोन चौकोन असतात — प्राथमिक, अंतिम. खूण अंतिमवर. पेन माझं, सही माझी.
रहमत अजून शुद्धीवर नाही.