कोरा कागद

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. काकूस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू सगळं बरं आहे म्हणतेस आणि मागून काकांचं खाकरणं ऐकू येतं. ते शेजारी बसलेले असताना तू खरं काय सांगणार, कपाळ! म्हणून आपलं पोस्टाचं पाकीटच बरं. त्यावर फक्त तुझं नाव घातलंय. फुरसतीनं वाच आणि फुरसतीनं लिही, पण खरं लिही.

इकडे जूनपासून अख्खा विभाग माझ्या गळ्यात पडलाय. नाव भलंमोठं आहे, व्यवसायोपचार आणि पुनर्वसन. पण आमचे माजी सैनिक त्याला हाताची शाळा म्हणतात. म्हणजे मी हेडबाई झाले! कुणाचा हात गेलाय, कुणाचा पाय, कुणाला काकांसारखा अर्धांगवायूचा झटका आलाय. बटण लावणं, आंघोळ करणं, घास तोंडात घालणं, सगळं पहिलीपासून शिकवायचं. मी इथे एक खोली गावातल्या घरासारखी करून घेतली आहे. बाज आहे, चूल आहे, उंबरठासुद्धा आहे. वरच्या साहेबांनी विचारलं की चूल कशाला, चकचकीत ओटा करा. मी म्हटलं, साहेब, हे लोक घरी जाऊन चुलीपुढेच बसणार आहेत.

पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला एक कागद देतो. त्यावर एकच प्रश्न असतो : कोणतं एक काम तुम्हाला पुन्हा आपल्या हातानं करायचं आहे? जे उत्तर येईल तिथून आमची सुरुवात होते. काका इथे सव्वीस दिवस राहिले, पण त्यांनी तो कागद कोराच ठेवला. बोलणं दोन-चार शब्दांवर आलंय हे मला कळतं, पण बोटानंही काही दाखवलं नाही. शेवटी घरी जायचा हट्ट धरला, तेव्हा मी तो कागद त्यांच्या पिशवीत टाकला होता. आहे का अजून?

आता रागावू नकोस. तू त्यांना भरवतेस, बटणं लावतेस, दाढी करतेस, हे मला इंदूआत्याकडून कळलंय. ते सगळं बंद कर. डाव्या हातानं सांडू देत, अर्धा तास लागू दे, उजवा हात नुसता टेकवायला तरी वापरू देत. माणसाचं सगळं दुसऱ्यानं केलं की हात विसरतो, आणि मग माणूसही विसरतो. काकांचं तसं होईल याची मला फार भीती वाटते गं. सायकलच्या दांडीवर बसवून ज्यांनी मला शाळेत पोचवलं, त्यांचाच हात मला सोडवता येईना, मग कसली मी हेडबाई!

तुझ्या काचबिंदूचे थेंब वेळेवर चालू आहेत ना? कळव.

रागावलीस तरी लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
जया


कळंब,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. जयास,
काकूचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. वाचून पहिले राग आला, मंग रडू आलं, मंग पुन्हा राग आला. तू मोठी साहेबीण झाली बाई, पण मले हे सांगते का नवऱ्याले वाऱ्यावर सोड? डाव्या हातानं जेवा म्हणून कसं सांगू त्याईले? फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, चार माणसांच्या पंगतीत डाव्या हातानं घास घेईन का? मी भरवतो ते दार लोटून भरवतो, कोणी पाहू नये म्हणून.

तरी तुह्या शब्दाखातर सोमवारी ताट समोर ठेवलं अन मी हात पदरात गुंडाळून बसली. त्याईनं माह्याकडे पाह्यलं. मंग ताटाकडे पाह्यलं. वरण सदऱ्यावर, भात पाटावर, अन डोळ्यात पाणी. मले पाह्यवलं नाई जया, उठून मोरीत गेली. परत येऊन पाह्यतो तं ताट सरकवून बसलेले. त्याच टायमाले तुही आत्या नेरहून आली. म्हणे, वहिनी, माह्या भावाले असं उपाशी मारून राह्यली काय? आता सांग मी काय तोंड दाखवू?

पण मी हट्टी आहे, तुले माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी बी डाव्या हातानं जेवाले बसली. माह्यं बी वरण सांडलं. तुह्या आत्यानं कपाळावर हात मारला, अन हे हसले! आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसले. चार घास गेले पोटात.

तुह्या त्या चुलीचं वाचून बरं वाटलं. तिथं कोणाले भाकर थापाची असन तं एक सांगतो. परात सरकते, एका हातानं पीठ भिजवलं तं जास्तच सरकते. परातीखाली ओला फडका ठेवाचा. हलत नाई मंग.

कागद आहे. गणपतीच्या फोटोमागं ठेवला. कोराच आहे. माह्या डोळ्यायची चिंता तू करू नको, तुले तिथं काय कमी कामं आहेत?

कापूस वेचणीले मजूर भेटत नाई, बाकी ठीक. पोट्टीचा राग धरत नाई मी, तू बी माह्या बोलण्याचा धरू नको.

तुही,
विमलकाकू


पुणे,
९ डिसेंबर २०२४

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तू डाव्या हातानं जेवलीस हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसत आणि रडत बसले. शिपायानं विचारलं, मॅडम, घरी सगळं ठीक ना? आमच्या पुस्तकात हा उपाय कुठेच नाही. विभागातल्या दोन नव्या मुलींना मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तेवढी रागाची वाक्यं गाळून.

आणि तुझा फडका! आपल्या दिग्रसकडच्या तांड्यावरचा फुलसिंग म्हणून एक जण आहे, फौजेत नायक होता, उजवा हात कोपरापासून गेलेला. त्याच्या कागदावर लिहिलंय : भाकर. बायको दिवसभर शेतात राबते, ती घरी आली की तिला गरम भाकर मिळावी, एवढंच त्याचं मागणं. महिनाभर त्याची परात खोलीभर फिरत होती. आम्ही बाहेरून मागवलेली महागाची रबरी चटई घातली, तिच्यावरूनही ती घसरली. तुझा ओला फडका घातला आणि परात जागची हलेना. पहिली भाकर आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, पण फुगली. त्यानं ती मला खायला लावली. करपली होती गं, तरी सगळी खाल्ली.

काकांच्या उजव्या हाताचं काय? बोटं उघडतात का? रोज सदऱ्याचं एक बटण त्यांचं त्यांना लावू दे, एकच. आणि तो कागद फोटोमागून काढून त्यांच्या डोळ्यासमोर ठेव. उत्तर आल्याशिवाय मला दिशाच सापडत नाही. त्यांना काय हवं असेल? शेत? गाडीचे कासरे? तुला काही सुचतं का?

पुढच्या आठवड्यात वरून तपासणी आहे, त्याची धांदल आहे. पत्र आखूड झालं म्हणून माया आखूड समजू नकोस.

तुझी,
जया


कळंब,
२४ डिसेंबर २०२४

चि. जयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बटण लागलं. एक नाई, तीन लागले. वीस मिनिटं लागली, पण मी हात लावला नाई. उजवा हात आता टेकवला तं टेकून राह्यतो, एक बोट थोडं वळते. हे तुह्यासाठी पेढे.

पण आता दुसरंच सुरू झालं, अन त्यापाईच लिहून राह्यली. जया, त्याईच्या डोक्यावर तं परिणाम नाई झाला ना? तुह्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, तो फळीवर होता. तो त्याईनं उतरवून घेतला. माह्या डोळ्यातल्या औषधाची जुनी रिकामी बाटली कुठून तरी हुडकून काढली, तिच्यात पाणी भरून घेतलं, अन दिवसभर त्या बैलाच्या डोळ्यात थेंब टाकत बसतात. डाव्या हातात बाटली, उजवा हात बैलाच्या कपाळावर. पाणी पडते कानात, शिंगावर, सतरंजीवर. नेम चुकला की स्वतःवरच चिडतात. मी बाटली काढून घ्याले गेली तं माह्यावर ओरडले. लाकडाच्या बैलाले कोणी औषध घालते काय? तुह्या आत्याले सांगितलं तं ती म्हणे बह्याड झाला माहा भाऊ.

काल मी दाराच्या चौकटीले धडकली, कपाळाले टेंगूळ आलं. माह्यंच लक्ष नाई कुठं. हे पाहून तं ते जास्तच बिथरले, पुन्हा बैल घेऊन बसले.

अक्षर वाकडं आलं असन. आजकाल बल्ब बी मंद लागतात मेले. काय कराचं ते लवकर कळव. जीव लावला आहे तसाच राहू दे.

तुही,
विमलकाकू


पुणे,
३० डिसेंबर २०२४

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी तुझ्यावर ओरडले, त्याची माफी आधी मागते. ओरडण्याच्या भरात जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

काकू, काकांचं डोकं ठिकाणावर आहे. आपल्या घरात तेवढं एकच ठिकाणावर आहे.

तुझं पत्र मी टेबलावर पसरलं आणि तुझ्या ओळी पाहिल्या. नोव्हेंबरच्या पत्रात त्या सरळ आहेत. या पत्रात उजवीकडे उतरत जातात, शेवटची तर कागदाबाहेर गेली आहे. मग टेंगूळ, मग मंद बल्ब. आणि मला आठवलं की तुझ्या डोळ्यात थेंब कोण घालायचं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, घड्याळ लावून, तुला बाजेवर आडवं करून. तुला स्वतःला कधी जमलं नाही, पापणी मिटून घेतेस. काका ऑगस्टमध्ये पडले. म्हणजे चार महिने तुझ्या डोळ्यांत औषध गेलेलं नाही. फोनवर तू शेवटी कबूल केलंस की शेजारच्या हजराबीला रोज कशाला तकलीफ द्यायची म्हणून तू गप्प बसलीस. अगं, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नसते!

मी आयुष्यभर लोकांना विचारत आले की तुम्हाला कोणतं काम परत हवंय, आणि काका त्या बैलाच्या डोळ्यात रोज उत्तर घालत होते. मला सोळाशे पानांचं पुस्तक वाचूनही ते दिसलं नाही. मी त्यांच्या हाताकडेच बघत बसले, आणि ते तुझ्याकडे बघत होते. तुला आंधळी होताना बघत होते आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. कसं झालं असेल त्यांचं!

आत्या गुरुवारी तुला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. नाही म्हणायचं नाही. तोवर दोन्ही वेळा हजराबीकडून थेंब घालून घे, मी तिच्याशी बोलले आहे. ती तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त रागावली आहे. आणि बैल काकांकडेच राहू दे. त्यांना सांग, जयानं विचारलंय की खालची पापणी उजव्या हाताच्या बोटानं खाली ओढता येईल का. जमेल तेव्हा जमेल. मी संक्रांतीला चार दिवस येतेय.

तुझ्यावर रागावण्याइतकं माझं दुसरं कोणी नाही, म्हणून रागावले.

तुझी,
जया


कळंब,
२६ जानेवारी २०२५

चि. जयास,
तुह्या काकूचे अन काकाचे, दोघायचे आशीर्वाद.

तू गेल्यावर घर सुनं झालं, पण लिहाले आनंदाचं आहे. डॉक्टर पुन्हा म्हणाले की डाव्या डोळ्याची थोडी नजर गेली ते गेली, बाकीची वाचली. आखीन दोन महिने गेले असते तं कठीण होतं. डॉक्टरनं विचारलं, ध्यानात कोणाच्या आलं? मी सांगितलं, लाकडाच्या बैलाच्या.

आता आजचं सांगतो. तू होती तेव्हा हे पंधरा वेळा चुकले, तुले माहीत आहे. नाकावर, कानात, एकदा तं माह्या तोंडात. आज सकाळी सहाले त्याईनं घड्याळाकडे बोट दाखवलं अन मले बाजेवर निजवलं. हजराबी दारातच उभी होती, तिले हातानंच थांबवलं. उजवा हात माह्या कपाळावर ठेवला. जड हात, जया. त्या एका बोटानं पापणी खाली ओढली. मी पापणी मिटू दिली नाई. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा बरोबर डोळ्यात. मंग दुसऱ्या डोळ्यात, पहिल्याच झटक्यात.

अन मी रडाले लागली. सगळं औषध वाहून गेलं. तं ते चिडून म्हणाले की रडू नको, औषध वाया जाते. एका दमात म्हणाले, एवढे शब्द! मंग त्याईनं माह्ये डोळे पदरानं पुसले अन पुन्हा सुरुवातीपासून थेंब घातले.

दुपारी त्याईनं स्वतः गणपतीच्या फोटोमागचा कागद काढला, पेन मागितला, डाव्या हातात धरला. अर्धा तास लिहीत होते, मले पाहू देत नव्हते. तो कागद याच पाकिटात आहे. तुह्या प्रश्नाखाली दोनच शब्द आहेत, पहिलीतल्या पोरासारखे : विमलचे डोळे.

जया, आमच्या लग्नाले चव्वेचाळीस वर्षं झाले. माह्यं नाव त्याईनं कधी घेतलं नाई. घरात अवं म्हणत, लोकांत जयाची काकू. फौजेतून पत्र याचे ते सासूबाईच्या नावानं, अन खाली घरच्या सर्वांस नमस्कार असे. मी त्या सर्वांत असो. दर खेपेस पत्र हाती घेऊन पाहो, नाव कुठंच नसे. मनाले लागे, पण कोणाले बोलली नाई. आज पहिल्यांदा त्याईच्या हातचं माह्यं नाव पाह्यलं. वाकडं आहे. ओळ माह्या ओळीसारखीच खाली उतरते.

तुह्या फुलसिंगाले सांगजो की भाकर गोल येते, फक्त परात फिरवू नको, भाकर फिरव. अन तुह्या मुलींना आता रागाचे वाक्य बी वाचून दाखवजो, भेतो काय मी?

त्या कागदाची तुह्या दफ्तरात नोंद कराची ती करून घे. पण तो तिथं फायलीत लावू नको. पहिल्या टपालानं मले परत पाठव. तो माह्या नावानं आलेला आहे.

जशी आहेस तशीच आमची राह्यजो.

तुही,
विमलकाकू