ताई, तुम्ही वापरलंय का?

आप्पा, मला तुमच्याकडून बोलणी खायची आहेत, आणि तसं बोलणारं घरात आता कुणी उरलेलं नाही. आई असती तर तिनं माझीच बाजू घेतली असती. तुम्ही घेतली नसती, म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मी नेमकं काय करते हे तुम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही. कुणी विचारलं तर "कंप्युटरचं हाय कायतरी" म्हणून तुम्ही विषय बदलायचात.

खरं तर ते तुमच्या कामापासून फार लांबचं नव्हतं. कारेगावच्या कारखान्यात तुम्ही टूल स्टोअरच्या खिडकीत बसायचात. कामगारानं पितळी बिल्ला पुढं केला की त्याला हवं ते अवजार काढून द्यायचात. आमच्या धंद्यातही अवजारं लागतात, फक्त ती लोखंडाची नसतात, छोटे छोटे प्रोग्राम असतात. जगात कुठंतरी कुणीतरी ती बनवतं आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून देतं. वर आतली रचनाही उघडी ठेवतं, ज्याला वाटेल त्यानं झाकण काढून बघावं. बघत मात्र फारसं कुणी नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी बघितलं असणार.

शिरूर आणि दौंडकडच्या, कंप्युटर शिकून घरी बसलेल्या मुलींचा एक ग्रुप मी फोनवर काढला. दर रविवारी सकाळी चहा घेता घेता मी त्यावर असं एक अवजार टाकायचे: काय कामाचं, कुठं मिळेल, कसं लावायचं, सगळं आपल्या भाषेत. पहिलं वर्षभर मी प्रत्येक अवजार आठवडाभर स्वतः वापरून मगच सांगितलं. पोरींची कामं होत होती, त्या मनापासून आभार मानायच्या, आणि मला ते गोड लागायला लागलं. मग वापरून झालेली अवजारं संपली, रविवार काही संपेनात. मी नुसतं बनवणाऱ्यानं लिहिलेलं वर्णन वाचून टाकू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुम्ही असता तर पहिल्याच रविवारी ओळखलं असतंत. डिप्लोमानंतर मी तुमच्याच कारखान्यात ट्रेनी होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही जेवायला गेलात म्हणून मी खिडकीत बसलेय. लेथवरचा एक टर्नर जाडी मोजायचं मायक्रोमीटर मागतो, मी डबीतून काढून देते, शून्य बरोबर येतं का ते न बघता. तुम्ही परत येता, मला विचारता, आणि उत्तर ऐकून तसेच मशीन शॉपमध्ये चालत जाता. चालू कामावरून त्याच्या हातातलं मायक्रोमीटर काढून घेऊन येता. सगळं शॉप बघत असतं. मला वाटलं तुम्ही ओरडाल, तर तुम्ही हळू आवाजात बोललात, म्हणून ते जास्त लागलं. "आपन हातात धरून बघितलं न्हाई ते दुसऱ्याला बरं हाय म्हणून द्यायचं न्हाई. तो तुझ्या भरवशावर माप घेतो." त्या दिवशी मी डबा न खाता घरी आणला आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता तिचं सांगते. कवठे येमाईची सून, ग्रुपमधली सगळ्यात हुशार मुलगी. सासरी तिला एक वर्ष दिलं होतं, काम जमलं तर ठीक, नाहीतर गप मिळेल त्या कामाला लागायचं. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांसाठी तिनं एकटीनं सॉफ्टवेअर बनवलं. कुणाची गाय, गाभण राहावी म्हणून कधी भरवली, कोणतं औषध दिलं, सगळं मोबाईलवर दिसायचं. डॉक्टरांची एकच तक्रार होती, एकेक नाव दोनदोनदा पडलंय. मी त्याच महिन्यात असल्या दुबार नोंदी काढून टाकणारं एक अवजार ग्रुपवर टाकलं होतं. तिनं मला फोन केला. "ताई, तुम्ही वापरलंय का? न्हाई म्हंजी, डॉक्टरांचं रेकॉर्ड हाय, म्हणून विचारते."

मी म्हणाले, "व्हय, वापरलंय की. बिनधास्त लाव."

का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. घाईत नव्हते. तिला फसवायचंही नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ताईपण कमी झालं असतं, एवढंच. त्या अवजाराला नाव आणि गाव सारखं दिसलं की तो एकच माणूस वाटायचा, आणि जुनी नोंद ते न विचारता पुसून टाकायचं. आपल्याकडं एका गावात एका नावाचे, एका आडनावाचे किती निघतात, ते मी तुम्हाला काय सांगू. आपल्याच गावात तुमच्या नावाचे चौघं होते. पोस्टमन "स्टोअरवाले का?" म्हणून विचारायचा, तरी तुमची पत्रं दुसऱ्याच घरी फुटायची. कवठ्यातही एकाच नावाचे दोघं होते, आणि दोघांच्याही गाईचं नाव गौरी. त्यातल्या एका गौरीला एक इंजेक्शन चालत नव्हतं. ते लिहिलेली नोंद गेली. डॉक्टरांनी मोबाईल बघितला, त्यात काही नव्हतं, त्यांनी इंजेक्शन दिलं. गाय गोठ्यातच गेली, तासाभरात, दुधावरची गाय.

तिनं जुनी प्रत काढून नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा काय झालं ते कळलं. तिनं स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन सांगितलं, चूक माझी. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त पुन्हा वही काढून बसले. सासरच्यांनी वर्ष संपायची वाट पाहिली नाही. आता ती कारेगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते, कंत्राटावर. तुम्ही ज्या रस्त्यानं जायचात त्याच रस्त्यानं तिची बस जाते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. माझं नाव तिनं कुणाकडंच घेतलेलं नाही, आणि गाऱ्हाणंही काही नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं. "ताई, तुमच्याकडं बरोबर चाललं, मग माझंच काय चुकलं? मला हे जमतच न्हाई का?" आप्पा, तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "तुझी फाईल वेगळी असंल गं." ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्या पोरीच्या हातात कसब आहे, माझ्याहून जास्त आहे. आणि ते नाही असं तिला मीच पटवून दिलंय, दोनदा.

हे तिला लिहायला बसले होते. वर तुमचं नाव कधी आलं, कळलं नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही खिडकीतून उठून येणार नाही. एकाच गावातली दोन सारखी नावं घालून मी ते अवजार चालवून बघते, असं तिला म्हणाले असते, तरी पाच मिनिटांत दोघींना कळलं असतं की चूक कुणाची.

आप्पा, ते मी अजून एकदाही चालवून बघितलेलं नाही.